फिरत्या पट्ट्यावरची पंगत

सुशी म्हटलं की कच्चा मासा आणि भलंमोठं बिल, असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण जपानच्या ओसाका परिसरातल्या एका दुकानदारानं १९५८ साली हीच सुशी सरकत्या पट्ट्यावर ठेवली आणि ती कारखान्यातल्या कामगारालाही परवडू लागली. जपानी भाषेचं अक्षर येत नाही, सोबत मुलंबाळं आणि शाकाहारी काकू आहेत, अशा मराठी कुटुंबानं या पंगतीत कसं बसावं?

परदेशी सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाची एक बॅग ओळखायला सोपी असते. वजन सगळ्यात जास्त आणि आत कपडे सगळ्यात कमी! चिवडा, भाकरवडी, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि प्लास्टिकमध्ये चार वेळा गुंडाळलेली लोणच्याची बाटली. सहली नेणाऱ्या कंपन्याही हे ओळखून असतात. म्हणून जाहिरातीत 'रोज भारतीय जेवण' ही ओळ मोठ्या टायपात असते. यात गैर काहीच नाही. पोट ठीक तर सहल ठीक. पण आठ दिवस जपानमध्ये राहून आठही रात्री पनीर आणि दाल फ्राय खाऊन परतलो, तर तिथली माणसं सुट्टीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन कुठे जेवायला जातात, काय बोलतात, कशावर हसतात, हे बघायचं राहूनच जातं.

हे बघण्याची जपानमधली सगळ्यात सोपी जागा म्हणजे 'काइतेन-झुशी'. काइतेन म्हणजे फिरती. विमानतळावर आपल्या बॅगा फिरत फिरत येतात ना, तशीच इथे बशीत ठेवलेली सुशी टेबलाजवळून सरकत जाते. आवडली तर उचला, नाही तर जाऊ द्या. मेन्यूकार्ड वाचायला नको, वेटरशी हुज्जत नको, भाषेची अडचण नको. समोर दिसतंय ते खायचं आणि शेवटी रिकाम्या बशा मोजून पैसे द्यायचे.

बाटल्या फिरतात, मग सुशी का नाही?

ओसाका हे जपानमधलं खवय्यांचं शहर. 'देशाचं स्वयंपाकघर' असं त्याचं जुनं बिरुद आहे. 'कुइदाओरे' हा तिथला आवडता शब्द. खाण्यापायी कफल्लक व्हायचं, असा त्याचा अर्थ! या शहराला लागूनच फुसे नावाचा भाग आहे. आज तो हिगाशी-ओसाका शहरात मोडतो. छोट्या छोट्या कारखान्यांचा हा परिसर. तिथे योशिआकी शिराइशी यांचं सुशीचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः कारखान्यातले कामगार. त्यांच्या खिशाला परवडेल अशा भावात सुशी विकायची, तर नोकर कमी ठेवायला हवेत. आणि नोकर कमी ठेवले, तर गर्दीच्या वेळी वाढणार कोण?

उत्तर सापडलं ते बिअरच्या कारखान्यात. तिथे फिरत्या पट्ट्यावरून ओळीनं जाणाऱ्या बाटल्या त्यांनी पाहिल्या आणि डोक्यात चक्र सुरू झालं. बाटल्या फिरतात, मग बशा का नाही फिरणार? कल्पना सुचली खरी, पण ती पट्ट्यावर उतरवायला काही वर्षं गेली. सरळ रेषेत बशा नीट जायच्या, वळणावर अडायच्या. शेवटी चंद्रकोरीच्या आकाराच्या चकत्या एकमेकींत गुंफून पट्टा केला, तेव्हा तो वळणावरही सुरळीत फिरला. मग प्रश्न आला वेगाचा. पट्टा जोरात पळाला तर गिऱ्हाइकाला उचलता येत नाही आणि सुशी वाऱ्यानं सुकते. रेंगाळला तर भुकेलं माणूस वैतागतं. सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर हा वेग शेवटी पक्का झाला. पट्टा बहुतेक ठिकाणी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. उजव्या हातात चॉपस्टिक्स असताना डाव्या हातानं बशी उचलणं सोपं जातं म्हणून, असं त्याचं कारण सांगितलं जातं.

१९५८ साली 'गेनरोकु सुशी' हे फिरत्या पट्ट्याचं पहिलं दुकान फुसेमध्ये उघडलं. १९६२ साली या रचनेवरचा हक्क शिराइशींच्या नावे नोंदला गेला. १९७० साली ओसाकात भरलेल्या जागतिक प्रदर्शनाला ६ कोटींहून अधिक माणसं आली आणि हा फिरता पट्टा देशभर माहीत झाला. १९७८ साली त्या हक्काची मुदत संपताच इतर कंपन्याही मैदानात उतरल्या. सुरुवातीला पट्ट्याभोवती नुसती स्टुलं असायची. पुढे पट्ट्याला काटकोनात टेबलं आणि बाकं आली आणि आईवडील, मुलं, आजी-आजोबा असं सगळं घर एकत्र बसू लागलं. शिराइशी २००१ साली गेले. तोवर त्यांची कल्पना जगभर पोहोचली होती.

आपल्याकडे सुशी आली ती मुख्यतः मोठमोठ्या हॉटेलांच्या दारातून. म्हणून ती बड्या लोकांची चीज वाटते. जपानमध्ये मात्र शंभर येनला एक बशी, म्हणजे आजच्या हिशेबानं साधारण पन्नास-साठ रुपयांत दोन घास, हा फिरत्या सुशीचा वर्षानुवर्षांचा भाव होता. २०२२ पासून महागाईनं तो शंभराच्या वर नेला. तरीही एवढ्या महागड्या देशात चार माणसांचं घर पोटभर जेवू शकेल, अशा मोजक्या जागांमध्ये तिची गणना होते.

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे!

हा गैरसमज आधी दूर करायला हवा. सुशी या शब्दाचं मूळ 'आंबट' या अर्थाच्या जुन्या जपानी शब्दात आहे. व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात, ही सुशीची खरी ओळख. त्यावर मासा असेल, अंडं असेल किंवा नुसती काकडी असेल. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप दिले, तर ती सुशी नव्हे, 'साशिमी'.

गंमत म्हणजे सुरुवातीला या पदार्थातला भात खातच नसत. मासे टिकवण्यासाठी ते मीठ लावून भातात महिनोन् महिने दाबून ठेवायचे. भात आंबायचा आणि त्या आंबटपणानं मासा टिकायचा. मग भात फेकून द्यायचा आणि मासा खायचा. क्योतोजवळच्या बिवा सरोवराकाठी अशी जुन्या पद्धतीची 'फुनाझुशी' आजही करतात. तिचा वास मात्र आपल्या सुक्या बोंबलांनाही मागे टाकेल! पुढे महिने थांबण्याऐवजी भातालाच व्हिनेगर लावण्याची युक्ती निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हातानं दाबलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवून देण्याची पद्धत रूढ झाली. हानाया योहेई या विक्रेत्याचं नाव त्यासाठी घेतलं जातं. हीच 'निगिरी' सुशी. तेव्हा ती रस्त्यावरच्या गाडीवर उभ्या उभ्या खायची चीज होती. आपल्या वडापावसारखी!

ओसाकाची स्वतःची सुशी याहून वेगळी. लाकडी साच्यात भात आणि मासा दाबून तिच्या वड्या पाडतात. बांगड्याच्या जातीचा मासा लावलेल्या अशा वडीला 'बात्तेरा' म्हणतात. हे नाव पोर्तुगीज भाषेतल्या छोट्या होडीच्या शब्दावरून आलंय. आपल्याला पाव आणि बटाटा हे शब्द देणारे पोर्तुगीज जपानलाही असे शब्द देऊन गेले!

दारातच आरोळी

ओसाकातल्या दोतोम्बोरी भागात रविवारच्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. कालव्याच्या दोन्ही काठांना दिव्यांचा लखलखाट, दुकानांवर हलत्या नांग्यांचे भलेमोठे खेकडे आणि हॉटेलांपुढे रांगा. आमचा सहा जणांचा जथा होता. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सहलीत ओळख झालेलं डोंबिवलीचं एक जोडपं. काका मूळचे मालवणचे, त्यामुळे मासळीबाजारात शिरल्यासारखे खूश. काकू मात्र माहेरपासून कट्टर शाकाहारी. "तुम्ही जेवा गं सगळे. मी आपला चहा घेईन," असं त्यांनी दारातच जाहीर करून टाकलं.

यंत्रातून नंबराची चिठ्ठी घेतली. चाळीस मिनिटांनी पडद्यावर आमचा नंबर झळकला. आत पाऊल टाकलं मात्र आणि काउंटरमागच्या सगळ्या आचाऱ्यांनी एकदम आरोळी ठोकली, "इराश्शाइमासे!" या, या, स्वागत आहे! धाकटा दचकून आईला चिकटला. दर दोन मिनिटांनी दार उघडत होतं आणि दर दोन मिनिटांनी आरोळी उठत होती. बशांचा खणखणाट, पोरांचा कलकलाट, शेजारच्या टेबलावर आजोबांचा वाढदिवस. जपानी माणूस शांत, मितभाषी, हे जे आपण ऐकलेलं असतं, ते इथे साफ खोटं ठरतं.

मुलांनी टेबलावरच्या टचस्क्रीनचा ताबा घेतला. त्यावर इंग्रजी भाषा निवडता येते आणि प्रत्येक पदार्थाचं चित्र असतं. मागवलेली बशी वरच्या वेगळ्या पट्ट्यावरून बुलेट ट्रेनच्या आकाराच्या गाडीत बसून सुसाट येते आणि बरोबर आपल्या टेबलापाशी थांबते. मग काय, मुलांना खाण्यापेक्षा गाडीच बोलवायची घाई! काकांनी ट्यूनापासून सुरुवात केली. लिंबू नाही, तिखट नाही, तेल नाही, म्हणून पहिल्या घासाला जरा चाचरले. दुसऱ्या घासाला म्हणाले, "अगं, वास नाहीच मुळी! ताजा मासा वास मारत नाही, हे आमची आई सांगायची ते खरं." मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगडा आला. शिजवून गोडसर रस लावलेली, आपल्या वामेच्या जातीची 'आनागो' आली. बशांची चळत वाढत गेली.

काकूंचं काय?

काकूंसाठी हॉटेलातल्या स्वागतिकेकडून आम्ही एका कार्डावर जपानीत लिहून घेतलं होतं, 'मांस, मासे आणि माशाचा अर्क चालत नाही.' यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कारण जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशि' नावाचं पाणी. ते बहुधा वाळवलेल्या माशाच्या कीसापासून आणि समुद्री वनस्पतीपासून करतात. डोळ्यांना भाजी दिसते, पण ती शिजलेली असते माशाच्या पाण्यात. मिसो सूपमध्ये दाशि, अंड्याच्या गोड वडीत दाशि आणि काही दुकानांत टेबलावरच्या गोडसर सोया सॉसमध्येसुद्धा दाशि!

तेवढ्यात पट्ट्यावरून 'इनारी' आली. गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात. इनारी ही भाताच्या पिकाची देवता. तिचा दूत कोल्हा आणि कोल्ह्याला तळलेला टोफू प्रिय, अशी तिथली समजूत, म्हणून हे नाव. दिसायला एखाद्या पक्वान्नासारखी. काकूंनी हात पुढे केला, तोच कार्ड वाचत उभी असलेली वाढपी मुलगी पुढे झाली आणि तिनं छातीसमोर दोन्ही हातांची फुली केली. जपानमध्ये 'नाही'ची ही खूण. टोफू दाशिमध्ये शिजवलेला होता. मग तिनं स्क्रीनवर बोट ठेवून 'काप्पा माकी' दाखवली. समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला भात आणि मधोमध काकडी. काप्पा हे जपानी लोककथांमधलं पाण्यातलं भूत. त्याला काकडी फार आवडते म्हणे! मागोमाग आंबट उमे फळाची गुंडाळी आली आणि मुळ्याच्या लोणच्याची आली. आत जाऊन तिनं आचाऱ्याला एकेकाबद्दल विचारलं होतं. साधा सोया सॉसही वेगळ्या वाटीत आणून दिला.

काकूंनी चार बशा संपवल्या. "भात अगदी आपल्या इंद्रायणीसारखा चिकट आहे हो," असा त्यांचा अभिप्राय पडला. मग पिशवीतून भाकरवडीचं पाकीट काढून त्यांनी त्या मुलीपुढे धरलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता. त्या गोंगाटात एका परक्या मुलीनं काकूंचं व्रत त्यांच्याइतकंच जपलं, हे आमच्यापैकी कुणीच विसरणार नाही.

पट्टा चालतो विश्वासावर

जरा विचार केला तर लक्षात येतं, की ही सारी रचना विश्वासावर उभी आहे. बशी शंभर माणसांसमोरून उघडी जाते. कुणी हात लावून परत ठेवत नाही, सोया सॉसची बाटली सगळ्यांची, कपही सगळ्यांचे. म्हणूनच २०२३ च्या जानेवारीत अख्खा जपान हादरला. एका तरुणानं अशाच दुकानात सामायिक बाटली आणि कप चाटून, बोटाला थुंकी लावून ते फिरत्या सुशीवर फिरवलं आणि तो व्हिडिओ इंटरनेटवर पसरला. पाठोपाठ तसेच आणखी व्हिडिओ निघाले. गिऱ्हाइकं धास्तावली, कंपनीच्या शेअरचा भाव कोसळला, प्रकरण कोर्टात गेलं.

त्यानंतर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी उघड्या बशा फिरवणं बंद केलं. आता त्यांच्याकडे पट्ट्यावरून येते ती फक्त तुम्ही मागवलेली बशी. काही ठिकाणी बशा पारदर्शक झाकणाखाली फिरतात आणि वर कॅमेऱ्याची नजर असते. सुशी किती वेळ किंवा किती अंतर फिरली हे बशीखालच्या चिपवरून मोजून, मर्यादा ओलांडली की ती आपोआप बाजूला काढण्याची सोय काही कंपन्यांनी आधीच केली होती. स्वच्छतेच्या दृष्टीनं हे सगळं चांगलंच. पण शिराइशींच्या पट्ट्यातली गंमत होती ती समोरून काय येईल या उत्सुकतेत. अनोळखी पदार्थ समोरून गेला, शेजारच्या आजींनी उचलला, मग आपणही धीर केला, असं नवी चव चाखण्याचं शिक्षण त्या उघड्या पट्ट्यानं लाखो पोरांना दिलं. एका टवाळखोराच्या अर्ध्या मिनिटाच्या खोडीनं ते बरंचसं आटलं. आपल्याकडच्या पंगतीतही वाढपी सगळ्यांच्या पानांपुढून एकच पातेलं घेऊन फिरतो. तोही व्यवहार विश्वासाचाच. तो मोडायला क्षण पुरतो, बसवायला पिढ्या लागतात.

सुदैवानं छोट्या, जुन्या दुकानांत अजूनही उघडा पट्टा फिरतो. ओसाकाला गेलात तर अशा एखाद्या दुकानात जरूर बसा. समोरची बशी उचला आणि शेजाऱ्याकडे पाहून हसा. ओळख व्हायला तेवढं पुरतं.

जाण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा

● टेबलावरचा छोटा नळ हात धुण्यासाठी नाही! त्यातून उकळतं पाणी येतं, ते ग्रीन टीसाठी. कपात चहाची पूड घालून वर पाणी घ्या. लहान मुलांना नळापासून दूर बसवा. हात पुसायला ओला रुमाल मिळतो.

● हिरवी चटणी समजून वसाबीचा गोळा तोंडात टाकू नका. वसाबी मोहरीच्या कुळातली. फेसलेल्या मोहरीसारखा तिचा झणका थेट नाकात जातो. बऱ्याच दुकानांत ती सुशीला न लावता वेगळी देतात.

● आल्याच्या पातळ, गुलाबी चकत्या दोन प्रकारांच्या मधे खायच्या. त्यानं तोंड स्वच्छ होतं.

● निगिरी सुशी हातानं खाल्ली तरी चालते. सोया सॉस भाताला लावू नका, वरच्या माशाला किंचित लावा. भात बुडवला तर फुटतो.

● चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नका. दोन्हींचा संबंध तिथल्या अंत्यविधीशी आहे.

● उचललेली बशी पट्ट्यावर परत ठेवायची नाही. रिकाम्या बशांची चळत लावा. बऱ्याच दुकानांत बशीच्या रंगावरून भाव ठरतो. टिप देण्याची पद्धत नाही.

● कच्चं नको असेल तर उकडलेली कोळंबी, आनागो, शिजवलेला ऑक्टोपस मागवा. गर्भवती स्त्रिया, अगदी लहान मुलं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी कच्चा मासा टाळावा.

● पक्के शाकाहारी असाल तर जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा आणि त्यात 'दाशि' हा शब्द जरूर लिहून घ्या. काप्पा माकी हा तुमचा हक्काचा पदार्थ, पण भाताला लावलेल्या व्हिनेगरमध्येही काही मिसळलंय का, ते विचारा.

● उठताना आचाऱ्यांकडे पाहून 'गोचिसोसामा' म्हणा. छान जेवलो, आभारी आहोत, असा त्याचा अर्थ. उत्तरादाखल जी आरोळी उठेल, ती ऐकण्यासारखी असते!